वॉर्ड सोडला तर मी डॉक्टर राहीन का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. इंटर्नशिप संपवून गेलं वर्षभर मी एका रुग्णालयाच्या बालरोग विभागात काम करते आहे. जुलाबाची मुलं येतात, सलाइन लागतं, दोन-तीन दिवसांत हसूखेळू लागतात, घरी जातात. महिन्याभरात त्यातलीच काही परत येतात. केसपेपरवरचा पत्ता आता मला पाठ झालाय, बहुतेक एकाच वस्तीचा. तिथे पाणी कुठून येतं, असं मी राउंडला विचारलं तर वरिष्ठ म्हणाले, "ते आपलं काम नाही. पुढचा पेशंट." तेव्हापासून कम्युनिटी मेडिसिनला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या शाखेला जावं, पुढे एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र) करावी, असं डोक्यात बसलंय. बाबा सर्जन आहेत. ते म्हणतात, "इतकी वर्षं रक्त आटवलंस ते फायलींवर सह्या करायला?" बॅचमधले म्हणतात, कुठेच नंबर लागला नाही की तिकडे जातात. माझं गणितही यथातथाच. पेशंटला हात न लावता मी डॉक्टर राहीन का? पैसा, मान यांचं काय? की मी वॉर्डला कंटाळून नुसती पळवाट शोधतेय?
– एक गोंधळलेली डॉक्टर

उत्तर : तुझ्या वयाच्या मुलामुलींना मी शिकवते, म्हणून एकेरीतच लिहिते. चालेल ना?

"डॉक्टर राहीन का" हा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. तू ज्या मुलांना ओआरएस पाजतेस, त्या ओआरएसचीच गोष्ट बघ. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ तिथे होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाकिटं भरून घेतली, तोटी लावलेल्या पिंपांत ते पाणी कालवलं आणि पाजायचं काम थेट नातेवाइकांच्या हातात दिलं. छावण्यांमध्ये कॉलऱ्याने शंभरातले तीसएक रुग्ण दगावत होते. त्यांच्या छावणीत ते प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं. आता सांग, हे बालरोगतज्ज्ञाचं काम झालं की सार्वजनिक आरोग्याचं? त्या क्षणी त्यांना हा प्रश्न पडायला सवड नसणार. पण ते तिथेच थांबले नाहीत. मृत्यू किती, आधीचे किती, नंतरचे किती, हे त्यांनी नोंदवून ठेवलं आणि पुढे प्रसिद्ध केलं. ओआरएसला तोवर नाक मुरडणाऱ्यांना त्या आकड्यांकडे दुर्लक्ष करणं अवघड गेलं.

तेव्हा डॉक्टरकीची चिंता सोड. चिंता करायची तर या कामाच्या खऱ्या स्वरूपाची कर. अंगात संरक्षक पोशाख घालून हेलिकॉप्टरमधून उतरणारा साथरोगतज्ज्ञ पडद्यावर बरा दिसतो. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग फोन, रजिस्टरं आणि एक्सेलच्या रकान्यांत जातो. कुठूनतरी खबर येते की अमुक ठिकाणी तापाचे रुग्ण वाढलेत. पहिला प्रश्न : खरंच वाढलेत, की नवा डॉक्टर आल्यामुळे नोंदी वाढल्यात? की प्रयोगशाळेने चाचणी बदलली? मग केस डेफिनिशन ठरवायची, म्हणजे कोणाला रुग्ण मोजायचं आणि कोणाला नाही. यावर दोन तास वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. मग लाइन लिस्ट : एका ओळीत एक माणूस, वय, पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली, काय खाल्लं-प्यायलं, कुठे गेला होता. मग आलेख, नकाशा. मग पुन्हा फोन, कारण निम्म्या ओळींत तारखाच नसतात.

आणि यातला सगळ्यात मजेचा भाग म्हणजे निरोगी माणसांकडे जाणं. तुझ्या वॉर्डात आजारी पडलेलेच येतात. साथरोगशास्त्राला न पडलेलेही तेवढेच हवे असतात. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा झाला, जॉन स्नो या डॉक्टरने तिथल्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट तू पहिल्या वर्गातच ऐकली असशील. ती जशी शिकवली जाते ती मला आवडत नाही, कारण त्यात स्नो जादूगार वाटतो आणि दांडा काढताच साथ थांबते. प्रत्यक्षात दांडा निघाला तोवर लोक पळून गेले होते, साथ उतरणीला लागली होती, आणि हे स्नोने स्वतःच लिहून ठेवलंय. त्याची खरी कमाल वेगळीच आहे. त्या भागात ५३५ माणसांचं एक वर्कहाउस, म्हणजे गोरगरिबांना ठेवायची जागा होती. चहूबाजूंनी कॉलऱ्याने घेरलेली, तरी आत फक्त पाच मृत्यू. का? त्यांची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर दारूची भट्टी होती, सत्तरच्या वर कामगार, कॉलऱ्याने एकही मेला नाही. तेही त्या पंपाचं पाणी पीत नव्हते. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती बाटली भरून मागवत असे. जी माणसं मरायला हवी होती पण मेली नाहीत, आणि जिला काहीच व्हायला नको होतं पण झालं, त्यांच्यामागे स्नो गेला. शिवाय तो पेशाने भूलतज्ज्ञ होता. आदल्याच वर्षी त्याने राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला होता. पेशंटला हात लावण्याबद्दल बाबा काही म्हणाले तर एवढं सांगून ठेव.

या गोष्टीत मला स्नोइतकाच आवडतो तो हेन्री व्हाइटहेड, तिथला धर्मगुरू. कॉलरा पाण्यातून पसरतो हे स्नोचं म्हणणं त्याला पटलं नव्हतं आणि ते खोडून काढायलाच तो दारोदार फिरला. माणसं त्याच्या ओळखीची, त्यामुळे स्नोला जे कळलं नाही ते त्याला कळलं. शेवटी पंपाजवळच्या घरातल्या एका तान्ह्या मुलीचा जुलाब आणि त्या घराचं गळकं सांडपाणी यांचा धागा त्यालाच सापडला, आणि त्याने स्नोचं म्हणणं मान्य केलं. आपल्याला चुकीचं ठरवायला निघालेला माणूस सोबत हवा, हे या धंद्यात फार उपयोगी पडतं. अधिकाऱ्यांनी मात्र स्नोचं तेव्हा मानलं नाही. तो १८५८ मध्ये वारला आणि जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जिवाणू दाखवला तो १८८४ मध्ये. जंतू न दिसताही पाणी बंद करता येतं, हे तुझ्या त्या वस्तीलाही लागू आहे.

आता एक गैरसमज. एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथी, हे अर्धंही खरं नाही. साथीमागे धावणं हा या क्षेत्राचा दिसणारा भाग. बाकी कर्करोग, हृदयविकार, अपघात, बाळंतपणातले मृत्यू, आत्महत्या, हवेचं प्रदूषण. इथे खबर येत नाही, कोणी फोन करत नाही, वीस वर्षं आकडे जमवावे लागतात. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हे ब्रिटिश संशोधक फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण शोधायला लंडनच्या रुग्णालयांत शिरले, तेव्हा डॉलचा संशय रस्त्यांवरचं डांबर आणि मोटारींच्या धुरावर होता. रुग्णांना तंबाखूबद्दलही विचारलं, कारण सगळंच विचारायचं होतं. १९५० मध्ये बोट धूम्रपानाकडे दाखवणारा निष्कर्ष छापून आला, आणि डॉलने त्याआधीच स्वतःची सिगारेट सोडली होती. त्या अभ्यासातला एक तपशील मी दरवर्षी मुलांना सांगते. काही रुग्णांना फुप्फुसाचा कर्करोग असेल असं धरून प्रश्न विचारले गेले आणि नंतर निदान वेगळं निघालं. त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी कर्करोग नसलेल्यांसारख्याच होत्या. म्हणजे विचारणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे उत्तरं तशी आली असतील, ही शंकाच मिटली. याला म्हणतात नशीब, पण ते ओळखायला डोकं लागतं. पुढे १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या सुमारे ४० हजार डॉक्टरांचा पाठपुरावा सुरू केला आणि तो पन्नास वर्षं चालला. तुझ्या वॉर्डात निकाल दोन-तीन दिवसांत लागतो. दोन्हीतला फरक जरा शांतपणे मनात घोळवून बघ.

हिल डॉक्टर नव्हते, हेही जाता जाता. व्हायचं होतं, पण क्षयाने अंथरुणाला खिळले आणि टपालाने अर्थशास्त्राची पदवी घेतली. यावरून तुझ्या गणिताकडे येते.

तुला कॅल्क्युलस लागणार नाही. लागतो तो अंश आणि छेद. एक उदाहरण देते, कागद घेऊन सोडव. एक आजार हजारात एकाला आहे. चाचणी चांगली आहे : आजार असलेल्या शंभरातल्या ९९ जणांना बरोबर पकडते आणि नसलेल्या शंभरातल्या ९९ जणांना बरोबर सोडते. तुझ्यासमोर बसलेल्या माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याला आजार असण्याची शक्यता किती? ९९ टक्के म्हणायचा मोह होतो, आणि चांगले चांगले डॉक्टर म्हणतात. आता एक लाख माणसं धर. आजारी शंभर, त्यातले ९९ सापडले. निरोगी ९९,९००, त्यातले शेकडा एक म्हणजे ९९९ उगाच पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १,०९८ आणि त्यातले खरे ९९. नऊ टक्के! बाकी एक्याण्णव टक्के लोक विनाकारण धास्तावले. हेच गणित ज्या वस्तीत दहात एक आजारी आहे तिथे करून बघ, उत्तर ९१ टक्क्यांच्या पुढे जातं. चाचणी तीच, माणसं बदलली.

हे सोडवताना कंटाळा आला की पुढचं कधी वाचतेय असं झालं? कंटाळा आला असेल तर ते गणित कच्चं असल्याचं लक्षण नाही, पण हे क्षेत्र कदाचित तुझं नाही. आणि आकडा बघून अंगावर काटा आला असेल तर बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे वैद्यकातलं संख्याशास्त्र, शिकता येतं. त्यासाठीची 'आर' सारखी सॉफ्टवेअर फुकट आहेत, सहा महिने नेटाने रोज तासभर दिलास तर कामापुरती येतील. गणितात हुशार पण वॉर्ड कधी न पाहिलेली माणसं मला भेटतात. त्यांना मला सांगावं लागतं की रात्रपाळीच्या डॉक्टरने घाईत लिहिलेलं निदान कितपत खरं धरायचं. ते तुला आत्ताच ठाऊक आहे.

आता जे कोणी सांगत नाही ते.

एक म्हणजे अपुऱ्या माहितीवर निर्णय. १९७६ च्या सुरुवातीला अमेरिकेत फोर्ट डिक्सच्या लष्करी तळावर नव्या प्रकारचा स्वाइन फ्लू सापडला, एक जवान दगावला. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीची आठवण ताजी करणारा विषाणू. तज्ज्ञांनी सांगितलं, लस द्या. चार कोटींहून जास्त लोकांना लस टोचली गेली. साथ आलीच नाही. आली ती लशीनंतर काहींना झालेल्या गियाँ-बारे या नसांच्या आजाराची बातमी, साधारण लाखात एक जादा रुग्ण. डिसेंबरमध्ये मोहीम बंद पडली आणि सीडीसी या तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या प्रमुखांना पद सोडावं लागलं. आज मागे वळून हसणं सोपं आहे. पण त्या वसंतात तू त्या खुर्चीत असतीस तर काय केलं असतंस? मी तरी लस तयार करून ठेवा म्हटलं असतं. टोचायची कधी यावर मात्र थांबले असते. हेही मी आता निवांत बसून म्हणतेय. सर्जनच्या हातून निर्णय चुकला तर एका घराला कळतं. इथे तो पहिल्या पानावर येतो.

दुसरं, तुझं काम जितकं चांगलं तितकं ते अदृश्य. गोवराची साथ न आल्याबद्दल पेढे घेऊन कोणी येत नाही. उलट पुढच्या वर्षी विचारतात, गोवर तर दिसत नाही, मग एवढा खर्च कशाला? जेफ्री रोज या साथरोगतज्ज्ञाने याचं मूळ नेमकं मांडलंय : जो उपाय सगळ्या समाजाचं मोठं भलं करतो, त्यातून एकेका माणसाच्या वाट्याला येणारा फायदा फार थोडा असतो. सगळ्यांचा रक्तदाब दोन अंशांनी उतरला तर हजारो झटके टळतात, पण टळलेला झटका कोणाचा, हे कोणालाच कळत नाही. त्या माणसालाही नाही. मूल हसताना बघून तुझा दिवस सार्थकी लागत असेल, आणि पत्रावरून तसं वाटतं, तर ही उणीव तुला जाणवणार. मला अजून जाणवते.

तिसरं, राजकारण. पाणी कोणाच्या नळाला येतं आणि कोणाच्या येत नाही, कुठल्या कारखान्याच्या धुराड्याखाली कोण राहतं, हे आकडे काढलेस की कोणालातरी ते नकोसे होतात. रुग्णसंख्या "जरा उशिरा" जाहीर करू, असं तुला गोड शब्दांत सांगितलं जाईल. दरवेळी राजीनामा फेकायचा नसतो आणि दरवेळी मान डोलवायची नसते. कुठे अडायचं हे शिकवणारा वर्ग नाही. ब्रिटिश डॉक्टर ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५६ मध्ये दाखवलं की गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या बायकांच्या मुलांना कर्करोग जास्त होतो. वैद्यकीय जगाने ते पचवायला वीसेक वर्षं घेतली. त्या टिकून राहिल्या, आकडे जमवत राहिल्या. रागापेक्षा चिकाटी जास्त लागते, एवढंच मला या बाबतीत कळलंय.

पैसा : चालत्या दवाखान्याच्या तुलनेत कमी. सर्जनच्या तर खूपच कमी. पोट भरतं, रात्री झोप मिळते, साथ असेल तेव्हा तीही नाही. सरकारी आरोग्य खाती, विद्यापीठं, संशोधन संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना, औषध कंपन्या, सगळीकडे कामं आहेत. कंपन्या जास्त देतात आणि बदल्यात काय मागतात ते सही करण्याआधी वाचावं. मान : साथ आली की टीव्हीवर, गेली की कोपऱ्यात. बॅचमधल्यांचं म्हणशील तर कुठेच नंबर लागला नाही म्हणून इथे आलेले आहेत, हे खरं आहे. त्यातले काही पुढे उत्तम झाले, काही निवृत्तीपर्यंत कुढत राहिले.

आणि म्हणून तुझा शेवटचा प्रश्न, जो तू सगळ्यात हळू आवाजात विचारलास. पळवाट की काय? तुझ्या पत्रात थकवा आहेच. पण थकलेला माणूस सुट्टी मागतो, फार तर खातं बदलून मागतो. केसपेपरवरचा पत्ता पाठ करत नाही. तू पाच-पंचवीस कागदांतून एक वस्ती वेगळी काढलीस आणि पाण्याचा प्रश्न विचारलास, तेही कोणी सांगितलं नसताना. ते तुझं काम नाही म्हणणाऱ्या वरिष्ठांवर चिडू नकोस. त्यांच्या पुढ्यात वीस मुलं असतात, ते बिचारे काय करणार. पण कोणाचं तरी ते काम आहे, आणि ते करणारी माणसं कमी आहेत.

माझं मत विचारशील तर लगेच उडी मारू नकोस. आणखी एक वर्ष वॉर्डात काढ, जमलं तर संसर्गजन्य आजारांच्या विभागात. आजार जवळून बघितलेला साथरोगतज्ज्ञ वेगळा कळतो. पुढे शिक्षणासाठी नाव बघू नकोस, मैदानी काम किती आहे ते बघ. निव्वळ वर्गात शिकवणाऱ्या एम.पी.एच.पेक्षा (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) दोन वर्षांचं फील्ड एपिडेमिऑलॉजीचं प्रशिक्षण मी केव्हाही वर धरीन. अलेक्झांडर लँगम्यूर या साथरोगतज्ज्ञाने १९५१ मध्ये अमेरिकेत त्याची सुरुवात केली, आता अनेक देशांत त्याच धर्तीवर चालतं : नोकरी करत, खऱ्या साथीवर, अनुभवी माणसाच्या हाताखाली. त्या पहिल्या संस्थेचं बोधचिन्ह म्हणजे चालून चालून भोक पडलेला बुटाचा तळवा. बाबांच्या फायलींच्या शेऱ्याला हे उत्तर मला पुरेसं वाटतं.

तोवर हे कर. विभागप्रमुखांची रीतसर परवानगी घेऊन गेल्या वर्षभरातल्या जुलाबाच्या दाखल मुलांची यादी बनव. नावं गाळ. तारीख, वय, वस्ती, कितव्यांदा दाखल. आठवड्यानुसार आलेख काढ. मग छेद शोध : त्या वस्तीत पाच वर्षांखालची मुलं एकूण किती? हा आकडा मिळवताना तुला जी कार्यालयं फिरावी लागतील आणि जी उत्तरं मिळतील, तेच तुझं पुढचं आयुष्य आहे. कदाचित वस्ती नुसती मोठी असेल आणि प्रमाण इतरांइतकंच निघेल. तेही कळलं पाहिजे. प्रमाण खरंच जास्त निघालं तर शेजारची, तसलीच पण मुलं कमी आजारी पडणारी वस्ती शोध आणि दोन्हींचं पाणी कुठून येतं ते विचार.

मग तो कागद आधी वरिष्ठांना दाखव, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला नंतर. आणि त्याहीआधी बाबांना. सर्जन आहेत, आकड्यांतली चूक शोधायला बसतील. बसू देत.